आपल्या मुलखातील कॅथेड्रल



या अंकासाठी 'इतिहासावर काहीतरी द्याच' अशी संपादकांनी गळ घातली, तेव्हा मी बरेच आढेवेढे घेतले. माझा विषय रसायनशास्त्र. इतिहासाशी संबंध आला तो शाळेतल्या सनावळ्यांपुरता. पण मागच्या दिवाळीत माझ्या हातून एक चूक झाली आणि तिने मला इतिहासाची पुस्तके उघडायला लावली. ती आधी सांगते, म्हणजे हा लेख का लिहिला हे कळेल.

फराळाच्या कार्यक्रमात मी नावनोंदणीच्या टेबलावर बसले होते. एक नवे कुटुंब आले. गृहस्थांनी आडनाव सांगितले, ते पोर्तुगीज वळणाचे. मी हसत हसत, अगदी सहज म्हणाले, "हे महाराष्ट्र मंडळ आहे हं! गोवेकरांचं मंडळ वेगळं असतं." त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "ताई, आम्ही वसईचे. आमच्या आजीला मराठीशिवाय दुसरी भाषाच येत नव्हती." मी ओशाळले. अर्ज भरून घेतला, फराळाचे ताट हातात दिले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

पुढे महिन्याभराने आपल्या मुलांच्या मराठी वर्गात एक मुलगी पॅरिसच्या सहलीचे फोटो घेऊन आली. नोत्र दाम कॅथेड्रलचा फोटो दाखवून तिने विचारले, "आपल्याकडे असं काही का नाही?" आम्ही शिकवणाऱ्या बायका एकमेकींकडे पाहू लागलो. तेवढ्यात त्या वसईच्या कुटुंबातला मुलगा म्हणाला, "आमच्याकडे आहे. पण त्याला छप्पर नाही."

मुलगी म्हणाली 'आपल्याकडे', मुलगा म्हणाला 'आमच्याकडे'. त्या दोन शब्दांमधले अंतर मीच टेबलावर बसून वाढवले होते. तर मंडळी, त्या छप्पर नसलेल्या चर्चची आणि त्याच्या भावंडांची ही हकिगत.

कॅथेड्रल म्हणजे गादी

कोणतेही भव्य चर्च दिसले की आपण त्याला कॅथेड्रल म्हणून मोकळे होतो. ते बरोबर नाही. 'कॅथेड्रा' म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचे अधिकृत आसन असते तेच कॅथेड्रल. आपल्याकडे मठाची 'गादी' असते, आचार्यांचे 'पीठ' असते, तसाच हा प्रकार. त्यामुळे लहानसे चर्चही कॅथेड्रल असू शकते आणि प्रचंड मोठे चर्च नसूही शकते. रोमचे कॅथेड्रल म्हणजे सगळ्यांना माहीत असलेले सेंट पीटर्स नव्हे, तर सेंट जॉन लॅटरन. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे शव ज्या बॉम जेझूस चर्चमध्ये आहे, तेही कॅथेड्रल नाही. ते आहे समोरचे, रस्त्यापलीकडचे पांढरेशुभ्र 'से'. गंमत म्हणजे पोर्तुगीज भाषेत 'से' या शब्दाचा अर्थही आसनच. म्हणजे 'से कॅथेड्रल' हा आपल्या 'पिवळा पीतांबर'चाच भाऊ!

युरोपातल्या कॅथेड्रलविषयी थोडक्यात सांगते, कारण सहलीला जाणारे आपण सर्वजण ती पाहतोच. पॅरिसचे नोत्र दाम ११६३ साली सुरू झाले. जर्मनीतल्या कलोनच्या कॅथेड्रलचा पाया १२४८ साली घातला आणि कळस चढला १८८० साली! मध्ये जवळजवळ तीनशे वर्षे काम बंदच होते. त्याचे मनोरे १५७ मीटर उंच आहेत. एवढी उंची साधली ती दोन युक्त्यांनी. एक म्हणजे टोकदार कमान, जी छताचा भार बाजूला कमी आणि खाली जास्त ढकलते. दुसरी म्हणजे भिंतीला बाहेरून दिलेले कमानदार दगडी टेकू. भार टेकूंनी पेलल्यावर भिंती जाड ठेवायची गरज उरली नाही, तिथे उंचच उंच खिडक्या आल्या आणि खिडक्यांत रंगीत काच आली. त्या काचेचा निळा रंग कोबाल्टचा, लाल रंग तांब्याचा. रसायनशास्त्र हा शब्दही नव्हता तेव्हा भट्टीवरचे कारागीर हे करत होते. १५ एप्रिल २०१९ रोजी नोत्र दामचे लाकडी छप्पर जळाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले, हे आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलेच आहे.

असो. आता आपल्या घराकडे वळू.

कल्याणचा बिशप आणि अबू धाबीचे बेट

आपली सर्वसाधारण समजूत अशी की ख्रिस्ती धर्म आपल्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांच्या जहाजांतून उतरला. पण सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने हिंदी महासागराच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्यात तो म्हणतो की 'कल्लियाना' येथे एक बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणहून होते. हे कल्लियाना म्हणजे आपले ठाणे जिल्ह्यातले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे पोर्तुगीज यायच्या सुमारे साडेनऊशे वर्षे आधी कल्याणला बिशपची गादी होती! तिथली इमारत कशी होती याचा मागमूस आज उरलेला नाही. पण गादी होती, म्हणजे व्याख्येने कॅथेड्रल होते.

आता हा बिशप इराणहून यायचा तर वाट कोणती? आपण जिथे राहतो तेच हे आखात. १९९२ साली अबू धाबीच्या पश्चिमेच्या सर बनी यास बेटावर पुराणवस्तू शोधणाऱ्यांना एका जुन्या वस्तीचे अवशेष सापडले. खणून पाहिल्यावर ते चर्च आणि मठ निघाले. काळ सातव्या-आठव्या शतकाचा. पंथ तोच, इराणशी नाते सांगणारा पूर्वेकडील ख्रिस्ती पंथ. तिथे गिलाव्यात कोरलेले क्रूस सापडले, २०२५ साली आणखी एक मिळाल्याची बातमी आली. उम्म अल क्वैनच्या सिनिया बेटावर तशाच दुसऱ्या मठाचा शोध २०२२ साली जाहीर झाला. अभ्यासकांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे. सर बनी यासच्या मठावर हल्ला झाल्याची, तो जाळल्याची कोणतीही खूण नाही. या भूमीत इस्लाम आल्यानंतरही काही काळ तो मठ चालू होता आणि मग माणसे शांतपणे निघून गेली.

म्हणजे कल्याण आणि हे आखात यांचा संबंध नोकरीच्या व्हिसापासून सुरू झालेला नाही. चौदाशे वर्षांपूर्वीही या दोन किनाऱ्यांवरची माणसे एकमेकांकडे जात-येत होती, आणि जाताना आपली प्रार्थना बरोबर नेत होती.

जुन्या गोव्याचे 'से'

आता या लेखातली सर्वांत मोठी इमारत. अल्बुकर्कने गोवा जिंकले ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी. तो सेंट कॅथरिनचा दिवस, म्हणून तिथले पहिले साधेसुधे चर्च तिच्या नावाने बांधले. पुढे गोव्याला बिशपची गादी आली, १५५७ मध्ये आर्चबिशपची झाली. पूर्वेकडच्या साऱ्या पोर्तुगीज मुलखाची ती मुख्य गादी. तिला शोभेल अशी वास्तू हवी म्हणून १५६२ मध्ये काम काढले. मुख्य इमारत पुरी व्हायला १६१९ साल उजाडले, म्हणजे ५७ वर्षे! आतल्या वेद्या तर १६५२ पर्यंत चालू होत्या. लांबी सुमारे २५० फूट, रुंदी १८१ फूट, दर्शनी बाजूची उंची ११५ फूट. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. मुख्य वेदीच्या मागे सोन्याच्या मुलाम्याचे कोरीव काम आहे, त्यात सेंट कॅथरिनच्या आयुष्यातले प्रसंग आहेत.

बाहेरून पाहताना काहीतरी तोल गेल्यासारखे वाटते. कारण मूळचे बुरूज दोन होते. त्यातला उत्तरेकडचा १७७६ साली कोसळला आणि पुन्हा बांधलाच नाही. तोवर जुने गोवे हे शहरच साथींनी ओस पडत चालले होते. बुरूज बांधायला पैसा नव्हता आणि तो पाहायला माणसे नव्हती.

माझ्यासारखीला रस वाटतो तो भिंतीत. ही भिंत संगमरवराची नाही, कोकणातल्या कुठल्याही घराला लागतो त्या जांभ्या चिऱ्याची आहे. जांभा खाणीतून ओला काढला की मऊ असतो, कुऱ्हाडीनेही तासता येतो. उन्हावाऱ्यात राहिला की टणक होतो, कारण त्यातली लोहाची संयुगे घट्ट बसतात. पण तो सच्छिद्र आहे, पाणी पितो. गोव्याचा पाऊस त्याच्यावर चार महिने थेट पडला तर दगड हळूहळू झिजत, सुटत जातो. म्हणून वर चुन्याचा गिलावा. चुनखडी किंवा शिंपले भट्टीत भाजायचे की चुनकळी होते. ती पाण्यात विरवायची, वाळूबरोबर घाणीत मळायची आणि भिंतीवर चढवायची. मग तो चुना वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी बनतो. दगड भाजून जे मिळवले, ते हवा परत दगड करून देते! असा गिलावा दगडाला श्वास घेऊ देतो आणि पाणी बाहेर ठेवतो. सिमेंटला हे जमत नाही.

याची परीक्षाच पाहायची असेल तर समोरचे बॉम जेझूस पाहावे. ते आज लाल दिसते आणि फोटोत फार छान येते. पण ते लाल असायचे नव्हते. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुविशारदाने 'जुने दिसावे' म्हणून त्याचा गिलावा खरवडून काढला. तेव्हापासून तो उघडा जांभा दर पावसाळ्यात मार खातो आहे. त्याला पुन्हा गिलावा करावा की नाही यावर आजही वाद आहे. लोकांना लाल रंगच खरा वाटू लागला आहे! इतिहासात असे होते खरे. एकदा खरवडलेले रूपच मूळचे वाटायला लागते.

घंटेचे दोन आवाज

उरलेल्या बुरुजात एक मोठी घंटा आहे. गोव्यातली सर्वांत मोठी. तिला 'सोन्याची घंटा' म्हणतात, पण सोने तिच्या आवाजात आहे. ती १६५२ साली कुंकळ्ळी गावी ओतली. घंटा ओतण्याचे कांसे म्हणजे साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. कथील वाढवले की धातू कडक होतो, ठोका दिल्यावर नाद लवकर मरत नाही. फार वाढवले तर मात्र काचेसारखा तडकतो.

कुंकळ्ळी हे नाव वाचून गोव्याचा इतिहास जाणणारे थबकतील. १५८३ साली याच गावाने देवळे पाडण्याविरुद्ध उठाव केला होता. त्यात पाच जेझुइट पाद्री मारले गेले. त्यानंतर पोर्तुगिजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि दग्याने ठार केले. त्या गावात ६९ वर्षांनी ही घंटा ओतली गेली.

आणि ती वाजली कशासाठी? रोजच्या प्रार्थनेसाठी वाजलीच. पण गोव्यात १५६० ते १८१२, मधली काही वर्षे सोडता, इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालय होते. त्याची कचेरी या कॅथेड्रलच्या जवळच होती. शिक्षा जाहीर करण्याच्या दिवशी कैद्यांची मिरवणूक निघे, त्याआधी पहाटे कॅथेड्रलची मोठी घंटा वाजे. चार्ल्स देलों नावाचा एक फ्रेंच वैद्य स्वतः या न्यायालयाचा कैदी होता. त्याने सुटल्यावर १६८७ मध्ये पुस्तक छापून हे सारे जगासमोर आणले. म्हणजे या न्यायालयाने छळलेल्यांत हिंदू होते, नवख्रिस्ती होते आणि खुद्द युरोपातले ख्रिस्तीही होते.

मंगेशी आणि शांतादुर्गा ज्यांची कुलदैवते आहेत अशी कितीतरी घरे आपल्या मंडळात आहेत. कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा रातोरात नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला का न्यावी लागली, हे त्या घरांना सांगायला नको. पाडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवले गेले. हे लपवून या वास्तूंचे कौतुक करणे मला जमणार नाही. 'से' सुंदर आहे आणि ते दडपशाहीच्या काळात उभे राहिले आहे. दोन्ही वाक्ये खरी आहेत.

मात्र तिसरे वाक्यही खरे आहे. ते चिरे तासणारे, चुना मळणारे, लाकूड कोरणारे हात आपल्याच लोकांचे होते. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रे करू नयेत असे हुकूम गोव्यात निघाले होते. जे कोणी करतच नाही त्याच्यावर बंदी कशाला घालायची?

आणि भाषाही आपली होती. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत, म्हणजे १६१९ पर्यंत तिथेच राहिला. 'से'ची इमारत पुरी झाली तेच हे साल. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे काढून घेतली होती. त्यांना ऐकायला, गायला काही उरले नव्हते. तेव्हा स्टीफन्सने त्यांच्यासाठी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. भाषा मराठी, वळण आपल्या पुराणांचे. एकनाथांना जाऊन तेव्हा सतराच वर्षे झाली होती आणि तुकोबांची गाथा अजून लिहिली जायची होती. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या आपण शाळेत वाचल्या आहेत. त्या लिहिणारा इंग्लंडहून आला होता, हे मात्र परीक्षेपुरते लक्षात ठेवून विसरलो.

छप्पर नसलेले चर्च

आता त्या मुलाच्या वसईकडे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांना मिळाली. किल्ल्याच्या आत त्यांनी अख्खे शहर वसवले. त्यातले सेंट जोसेफचे चर्च १५४६ चे, पुढे १६०१ मध्ये वाढवलेले. लोक त्याला कॅथेड्रल म्हणतात. त्याचा उंच बुरूज आजही उभा आहे, आतले छप्पर मात्र कधीच गेले. याच वसईत १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. १५९७ मध्ये जपानात नागासाकीला त्याला क्रुसावर मारण्यात आले आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला कॅथलिक चर्चचा पहिला संत वसईचा आहे!

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली. दोन वर्षांच्या मोहिमेत मराठ्यांची किती माणसे कामी आली ते आपण लहानपणापासून ऐकले आहे. विजयानंतर चर्चच्या घंटा मराठे सरदारांनी नेल्या. धातूचा हिशेब मांडला तर घंटा म्हणजे तयार तोफच. थोडे तांबे वाढवले की तोफेचे कांसे होते, आणि युरोपात हरलेल्या शहरांच्या घंटा वितळवून तोफा ओतण्याची रीतच होती. इथे काही वितळल्याही असतील. पण कित्येक घंटा देवळांत टांगल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळच्या मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा सन आहे. ('स्वदेस' चित्रपटातला घाट तो हाच.) नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा तर गावाची खूणच होऊन बसली. गोदावरीला पूर आला की पाणी कुठवर चढले हे नारोशंकराच्या घंटेवरून सांगायची नाशिककरांची जुनी सवय.

गेली पावणेतीनशेहून अधिक वर्षे महादेवाच्या दारात मेरीची घंटा वाजते आहे आणि भाविक ती निर्धास्त वाजवतात. ही लुटीची खूण आहे हे खरे. पण आता ती तेवढीच राहिलेली नाही.

चिमाजीअप्पांच्या विजयानंतर गोरे पोर्तुगीज निघून गेले. मग मागे राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचे काय झाले? ती कुठे जाणार? ती इथलीच होती. कोणी आगरी, कोणी कोळी, कोणी सामवेदी, कोणी वाडवळ. ती मराठी राज्यात राहिली, शेती-बागायत करत राहिली, नवऱ्या मुलीला हळद लावताना आपल्या बोलीतली गाणी म्हणत राहिली. गाव मराठी, बोली मराठी, आडनाव पोर्तुगीज. १९५५ पासून वसईतून 'सुवार्ता' हे मराठी मासिक निघू लागले. त्याचे संपादक राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. १९९८ साली वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला, म्हणजे वसईला स्वतःची गादी मिळाली. तेव्हा मुलाने सांगितले ते अर्धेच. छप्पर असलेले कॅथेड्रलही आता वसईत आहे आणि तिथली प्रार्थना मराठीत होते.

चर्चगेटचे चर्च कुठले?

मुंबईकरांना एक कोडे घालते. चर्चगेटला उतरून इतकी वर्षे नोकरी केली, पण ते चर्च कुठले? ते म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळचे सेंट थॉमस कॅथेड्रल. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने १६७६ मध्ये पाया घातला. भिंती पंधराएक फूट चढल्या आणि काम जे थांबले ते चाळीस वर्षे! शेवटी रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने १७१५ मध्ये वर्गणी गोळा करायला घेतली आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडले. (मंडळाच्या वर्गणीसाठी फोन करणाऱ्यांनी कॉबसाहेबांचा आदर्श ठेवावा.) कोटाच्या तटबंदीतून या चर्चकडे जाणारा दरवाजा तो चर्चगेट. १८६० च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला, नाव मात्र स्टेशनला राहिले. १८३७ मध्ये मुंबईला अँग्लिकन बिशप आला तेव्हा हे चर्च कॅथेड्रल झाले.

त्याची आणखी एक खासियत. मुंबईचे अंतर इथून मोजत. 'सेंट थॉमसच्या चर्चपासून अमुक मैल' असे कोरलेले काळे दगड शहरात काही ठिकाणी अजून आहेत. कित्येक फुटपाथखाली अर्धे गाडले गेले होते. अलीकडच्या वर्षांत त्यातले बरेच शोधून, साफ करून उभे केले आहेत. त्यांच्यावरून रोज चालणाऱ्यांना ते काय आहे हे ठाऊक नव्हते. माझीही गत तीच.

इथली गादी

शेवटी आपल्या दारातले कॅथेड्रल. अबू धाबीचे पहिले सेंट जोसेफ चर्च १९६५ मध्ये राज्यकर्त्यांनी दिलेल्या जागेवर किनाऱ्यालगत बांधले गेले. पुढे मुश्रिफ भागात जागा मिळाली आणि १९८३ मध्ये आजची इमारत झाली. दिसायला अगदी साधी. मनोरे नाहीत, रंगीत काचांचा डामडौल नाही. पण दक्षिण अरबस्तानच्या कॅथलिक बिशपची गादी तिथे आहे, म्हणजे दर्जा 'से'चाच. फेब्रुवारी २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस इथे आले, अरबस्तानात आलेले ते पहिले पोप. इथल्या चर्चमधून मल्याळम, कोंकणी, तमिळ, तागालोग अशा भाषांत प्रार्थना होतात. परमुलखात नोकरीला आलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा आपल्या भाषेत देवाशी बोलता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा. आपण दुबईच्या जुन्या देवळात जाताना किंवा २०२४ मध्ये उघडलेल्या अबू धाबीच्या मंदिराच्या रांगेत उभे राहताना दुसरे काय मागतो?

लेख लांबला. आता मूळ मुद्द्यावर येते. कॅथेड्रल कशाने थोर ठरते? उंचीने म्हणावे तर कलोनपुढे आपले 'से' लहान आहे. मला वाटते, एखाद्या वास्तूत किती जणांचा इतिहास एकत्र मुरला आहे यावरून. तो सगळाच सुखाचा नसतो. चुन्यात शिंपले भाजून निघालेले असतात, म्हणून तर भिंत टिकते. पण एका गोष्टीची जबाबदारी आपल्यावर आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या राजवटीचा जाब आज आपल्या टेबलाशी अर्ज भरायला आलेल्या कुटुंबाला विचारायचा नसतो. शब्दांनी नाही, आणि हसण्यावारी तर नाहीच. त्यांच्या पणज्यांनीही तेच सोसले आहे आणि तरी आपलीच भाषा राखली आहे.

त्या ताईंची मी घरी जाऊन माफी मागितली आहे. त्या म्हणाल्या, "अहो, सवय आहे आम्हाला." हे उत्तर मला जास्त लागले. म्हणून ही छापील माफी.

कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. एक, डिसेंबरच्या कार्यक्रमात आपल्या वसईकर कुटुंबांनी नाताळची मराठी गाणी म्हणावीत आणि आपण सर्वांनी ती शिकावीत. दुसरी, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलांनी वसईचा किल्ला, मेणवलीची घंटा, 'से', किंवा सेंट थॉमसचा एखादा मैलाचा दगड, यापैकी जे जवळ असेल ते पाहून यावे आणि वर्गात सांगावे. घंटेवरचा सन वाचायला विसरू नये.

लेखात काही चूक आढळल्यास जाणकारांनी जरूर कळवावे. वसईच्या मंडळींनी तर नक्कीच. आपल्या इतिहासाबद्दल आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त माहीत आहे.